डिव्हाइडचं गोत्र

वहिनी, तुमचं सुतक किती दिवस धरायचं यावरून आपल्या घरात रणकंदन झालं. तुम्ही असतात तर नाकातल्या नाकात हसला असतात आणि म्हणाला असतात, अगं नलू, गेलेलीला विचारा की कोणीतरी. तेच करायला बसले आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, बोईसरच्या शाळेत किती वर्षं इंग्रजी शिकवलंत, ते सगळं शाळेची माणसं शोकसभेत बोलतील. मला ते जमायचं नाही. मला तुमच्याशी वाद घालायची सवय आहे आणि ती एवढ्यात सुटणार नाही.

तर तुमच्या धाकट्या दिरांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, म्हणणं तीन दिवस, माझं म्हणणं दहा. सख्ख्या भावाची बायको गेली तर दहा दिवस, हे एडवणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ह्यांचा मुद्दा असा, की वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या, सातबारे वेगळे, मध्ये भिंत. म्हणजे नातं उरलं लांबच्या भाऊबंदकीचं, आणि तेवढ्याला तीन दिवस पुष्कळ. नेहमीच्या भटजींना फोन लावला. ते म्हणाले, वाटणी जमिनीची होते, सुतकाची होत नाही, दहा दिवस. मग ह्यांनी भटजी बदलले. दुसरे भटजी समजूतदार निघाले, त्यांनी तिसऱ्या दिवशी गोमूत्र शिंपडून घर मोकळं केलं.

घाई कशाची, ते तुम्हाला माहीत आहे. नितेशचा साखरपुडा. तारीख तुमच्यासमोरच ठरली होती, आणि ती आली नेमकी तुमच्या पाचव्या दिवशी. केळव्याच्या, मुलीकडच्या मंडळींना सांगून झालं होतं, मांडववाला ठरला होता, नितेशला कंपनीतून सुट्टी मिळाली होती ती पाया पडून. हे अगदीच वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. एकुलत्या मुलाचं शुभकार्य पुढे ढकललं की मोडतं, अशी त्यांच्या मनात भीती. पण मला एकच गोष्ट हवी होती, वहिनी. मला तुमचं सुतक पुरं धरायचं होतं. गेल्या कित्येक वर्षांत ह्या घरात मी दुसरं काहीही मागितलेलं नाही.

तुमचे यजमान, आमचे भावोजी, गेले तेव्हा ह्यांनी दहा दिवस धरले होते. डोकं भादरलं, जमिनीवर झोपले. ते रक्त होतं म्हणे. तुम्ही बाहेरून आलेल्या. मी म्हटलं, मीसुद्धा बाहेरूनच आले आहे, मग माझे किती धराल ते आत्ताच सांगून ठेवा. त्यावर ताट सरकवून उठले.

वाटणीचा दिवस आठवतो का तुम्हाला? मला तर काल झाल्यासारखा आठवतो. ह्यांना वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकून बोईसरला स्पेअर पार्टचं दुकान घालायचं होतं, आणि भावोजींना तिथली एक पोफळ हलवायची नव्हती. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघेही हट्टाला पेटलेले. शेवटी बाळूकाकांना मध्यस्थ बसवलं आणि अंगणात सगळं सामान मांडलं. हंडे दोन, एकेक. पराती दोन, एकेक. बाळूकाकांनी जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला नाही. पाटा आणि वरवंटा समोर आला तर म्हणाले, "दगड दोन. एकेक." पाटा तुमच्या ढिगात गेला, वरवंटा आमच्या. भावोजींनी मान हलवली, ह्यांनी मान हलवली. एवढे दोन शहाणे पुरुष, पण कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे पाहिलं, आणि दोघींनीही तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या सगळ्या दिवसात मनासारखी झालेली ती एकच गोष्ट.

भिंत उठली ती माजघरातून. ह्यांनी बोईसरहून गवंडी आणले आणि गावभर सांगत सुटले, नऊ इंची बांधून घेतली आहे, पलीकडे ढोल वाजला तरी अलीकडे ऐकू येणार नाही. त्यानंतर तुमचं नाव आमच्याकडे बंद झालं. 'पलीकडची' म्हणायचे. कधी त्याहून वाईट म्हणायचे. तुमच्याशी बोलायचं नाही, असा मला दम होता.

आणि रोज हे मोटरसायकल काढून दुकानावर गेले की मी पदराखाली वरवंटा घेऊन मागच्या दाराने तुमच्याकडे. चोरटं प्रेम करणाऱ्या पोरी तरी एवढ्या लपत नसतील. मिक्सर दोघींकडे होता. मिक्सरातल्या वाटणाचं कालवण घशाखाली उतरत नाही, असं मी एकदा ह्यांना ऐकवलं होतं. जिभेचे लाड असलेला माणूस, लगेच पटलं. पण इकडे नुसता वरवंटा असताना मी वाटते कशावर, हे त्या माणसाने कधी विचारलं नाही. तुमच्या सुट्टीच्या दिवशी केव्हाही, शाळेच्या दिवशी तुमची दुपारची पाळी असली तर सकाळी. तुम्ही खोबरं भाजायचंत, मी वाटायची, निम्मा गोळा तुमच्या वाटीत, निम्मा माझ्या.

तो शब्द तिथलाच. मी एकदा चिडून विचारलं होतं, तुमच्या त्या इंग्रजीत ह्या तमाशाला काय म्हणतात? तुम्ही म्हणालात, डिव्हाइड. मी म्हटलं, हा तर आम्हालाही ठाऊक आहे, हायवेवर असतो तो डिव्हायडर, नितेशच्या वर्गाची होती ती डिव्हिजन. झालं! तुमच्या हातात कोलीतच दिलं मी. शब्दाचं कूळ सांगायला बसलात की तुम्हाला खोबरं करपल्याचंही भान राहायचं नाही. लॅटिनमधून आला, म्हणालात. पुढचा तुकडा म्हणजे 'दूर', मागचा तुकडा म्हणजेही 'वेगळं करणं'. एकाच शब्दात दोनदा तोडलंय. मी म्हटलं, एकदा तोडून त्या लोकांचं समाधान होत नसेल, आपल्याच गावचे दिसतात.

मग रोज एक नातेवाईक निघायचा. डिव्हिडंड त्यातलाच. मोबाइलला डिव्हाइस म्हणतात तोही त्यातला. आधी वाटणी, मग आखणी, मग आखून केलेली वस्तू, असा फिरत फिरत आला म्हणालात. आणि इंडिव्हिज्युअल. ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत तो, एकटा माणूस. ह्यावर मी तुमच्याशी कडाक्याचं भांडले होते. माणसाचे तुकडे पडत नाहीत हे कोणी सांगितलं? सकाळी तुमच्या पाट्याशी बसणारी मी आणि संध्याकाळी ताटावर ह्यांच्या शिव्या गिळणारी मी, ह्या काय एक आहेत? तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, शब्द चुकीचाही असू शकतो, माणसांनीच केलेला आहे. तुमचं हे मला फार आवडायचं. शब्दांचं एवढं वेड, पण त्यांची पूजा नव्हती.

शब्दांनाही गोत्र असतं, असं तुम्ही म्हणायचात. नावं बदलतात, देश बदलतात, गोत्र एक राहतं. मी म्हणायची, मग त्यांना सुतकही लागत असेल. हे तेव्हा थट्टेत बोलले होते.

भावोजी गेले त्यानंतर बरेच दिवस मी वरवंटा घेऊन आले नाही. तुमच्या हातात बांगड्या नाहीत हे मला बघवणार नव्हतं. शेवटी तुम्हीच मागच्या दाराशी आलात आणि म्हणालात, मला मेलं ते मिक्सरातलं कालवण जात नाही. आपण बसलो. वाटून झालं, हात धुतले, आणि तुम्ही सांगितलंत, की त्या शब्दाचा एक नातेवाईक तुम्ही मला कधी सांगितला नव्हता. ठाऊक होता पहिल्यापासून, पण दोघींच्या कपाळाला कुंकू असताना तोंडातून काढवला नाही. इंग्रजीतला विडो. डिव्हाइडच्याच मुळातला, असं विद्वान मानतात. आणि आपली विधवा तीच, आपला विधुरही तोच. हजारो वर्षांपूर्वीची एक आई, तिची लेकरं तिकडे पण गेली आणि इकडे पण आली.

मला इतका राग आला होता. कोणावर ते सांगता येत नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय, आम्हाला शाळेत गुरुजींनी शिकवलंय, वि म्हणजे विना आणि धव म्हणजे नवरा, जिला नवरा नाही ती विधवा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उलट आहे, नलू. विधवा आधीची. तिचा अर्थ लावायला लोकांनी मागाहून धव काढला. मूळ शब्दात नवरा नाहीच. फक्त कोणीतरी तुटून मागे राहिलेलं आहे."

ह्यावर आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायची, नवराच नाही तर बाई तुटली कशापासून? तुम्ही म्हणायचात, तेच तर, शब्द ते सांगत नाही. मी म्हणायची, मग अर्धवट शब्द आहे. कधी मी रुसून गोळा न घेता निघून यायची आणि दुसऱ्या दिवशी परत. तुम्ही मला पुस्तक उघडून दाखवणार होतात. पुस्तक शाळेच्या कपाटात राहिलं, मग तुम्ही निवृत्त झालात, मग ते पोटाचं दुखणं आलं. वाद तसाच राहिला. मी हार मानलेली नव्हती, हे लक्षात असू द्या.

दुखण्यात तुमची खाट तुम्ही भिंतीला लावून घेतलीत. अलीकडे माझी. मध्ये ती भिंत, हातभरही अंतर नसेल. तुमच्याकडून मला फक्त खोकला यायचा, तोही खोल विहिरीतून आल्यासारखा. बाकी कधी चमचा पडल्याचाही आवाज नाही. मी मनात म्हणायची, बांधली खरी ह्यांनी नऊ इंची. त्या दिवशी सकाळी चहा ठेवला तरी खोकला आला नाही. हातभरावरच्या खाटेशी यायला मला पुढच्या दाराने बाहेर पडून, अंगण ओलांडून, पानवेलीच्या मांडवाला वळसा घालून यावं लागलं. तुमची रेवती पालघरहून रात्रीच आली होती, ती तुमचा हात धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तुमचे पाय अजून कोमट होते. मला तो वळसा आयुष्यभर पुरेल.

अग्नी रेवतीने दिला. हे स्मशानात आले, लांब उभे राहिले, घरी येऊन अंघोळ केली आणि तीन दिवसांचं बोलायला लागले.

आता साखरपुड्याचं ऐका. मी मागच्या खोलीत बसून होते. देवाला हात लावला नव्हता, घरातलं शिजलेलं खाल्लं नव्हतं. शेजारची भीमाबाय डाळभात आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मला उठायला सांगितलं, मी उठले नाही. चौथ्या दिवशी नितेश येऊन दाराशी उभा राहिला. "आई, मला पण वाईट वाटतं गं, काकूनेच मला शिकवलं," एवढं बोलला आणि डोळे पुसत गेला. पोराची दया आली, पण मी हलले नाही.

पाचव्या दिवशी केळव्याची मंडळी आली. भिंतीपलीकडे रेवती सुतकात, अलीकडे मांडव आणि पेढे. मुलीची ओटी भरायची वेळ झाली आणि मुलीच्या आजीने विचारलं, मुलाची आय कुठं हाय? हे म्हणाले, तिला बरं नाही, ताप आहे, तिची नणंद भरेल ओटी. मी ऐकत होते. मला वाटलं, बसून राहावं, काय बिघडतं. मग डोक्यात आलं, आज हे खपलं की तुमचं मरण आमच्याकडे झालंच नाही असं होईल. मी उठले आणि मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले. कोणाला शिवले नाही.

मी म्हटलं, "मला ताप नाही. मला सुतक आहे. दहा दिवसांचं."

आजीने माझ्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू होतं. शेजारी ह्यांच्याकडे पाहिलं, धडधाकट उभे. म्हातारी गोंधळली. "कोन गेलं गो बाय?" तिने विचारलं.

जाऊ गेली म्हणायला काय हरकत होती? चुलत म्हणा, सख्खी म्हणा, पलीकडची म्हणा. पण वहिनी, तोंडातून ते आलंच नाही. मी म्हटलं, "माझं माणूस गेलंय."

आजीने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सुतकाच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. तिने कोणाला दोष दिला नाही, फक्त म्हणाली, "मग दहा झाल्यावर बगू, आमी येतो," आणि सगळी मंडळी उठली. येतील की नाही, देव जाणे. मुलगी जाताना वळून माझ्याकडे बघत होती. रागाने की कशाने, मला समजलं नाही.

मांडव रिकामा झाल्यावर ह्यांनी मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाले, "आता तिकडेच जाऊन बस." मी चार लुगडी घेतली आणि तोच वळसा घालून तुमच्याकडे आले. रेवतीने माझ्या हातातली लुगडी घेऊन खुंटीवर टाकली. तुमची गादी स्मशानात गेली, खाटेचा नुसता सांगाडा उभा करून ठेवलाय. त्या जागी आम्ही दोघींनी चटई घातली. रेवती इतक्या दिवसांची जागी, पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. मी भिंतीला टेकून बसले. तेव्हापासून इथेच आहे.

संध्याकाळी पलीकडे नितेश आला. त्याने खुर्ची ओढली, ती फरशीवर करकरली. चहाच्या डब्याचं झाकण निघालं. मी दचकून मागे पाहिलं, माझ्या मागे कोणी आलंय असं वाटलं. मग ह्यांचा आवाज आला. ओरडत नव्हते, जेवताना बोलतात तसं बोलत होते. "बसू दे तिला तिकडे. घरफोडी होती ती, मरता मरता पण फोडून गेली." शब्दन् शब्द. मधला उसासासुद्धा.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. पुढचं अर्धं नवीन, पहिलं अर्धं जुनं. कित्येक वर्षं मी ते ताटावर ऐकलं आहे. कधी रोज, कधी दिवसातून दोनदा. भावोजींना पोचवून आले त्या दिवशी हे हात धुता धुता म्हणाले होते, आता तरी तिचा माज उतरेल. ती मोरी ह्या भिंतीला लागूनच आहे. तुम्ही तेव्हा इथेच बसल्या असणार, जमिनीवर, नवऱ्याच्या दिव्याशेजारी.

आणि तरी मागच्या दाराशी तुम्हीच आलात. कालवणाचं खोटं निमित्त काढून मला बोलावून नेलंत. मी यायच्या आधी खोबरं किसून ठेवलं होतंत. त्या माणसाचं कालवण त्याच गोळ्यातून व्हायचं, आणि तुम्ही दर वेळी विचारायचात, नलू, तिखट बेताचं घातलंय ना, त्याला सोसत नाही. मी समजायची, ह्यांना ठाऊक नाही की आपण भेटतो, आणि तुम्हाला ठाऊक नाही की हे काय बोलतात. दोन्ही बाजू मी सांभाळतेय, अशी माझी ऐट.

भीमाबाय डाळभात ठेवून गेली. रेवतीला उठवायचंय, पण आवाज करवत नाही. तुमच्या घरातून कधी काही ऐकू आलं नाही, म्हणून मी इतकी वर्षं भिंत जाड आहे असं धरून चालले. भिंत जाड नव्हती, वहिनी. तुम्ही गप्प होतात.